विहिणीची लाथ

१२ फेब्रुवारी १९५७, मंगळवार

लिहा. लाथ मारली. विहिणीनं. मागून, टाचेवर, भर मांडवात! आधी एवढंच लिहा, म्हणजे बाकीचं सांगताना मी भरकटले तरी मुख्य गोष्ट कागदावर राहील.

लिहिणारे कोण, तेही टाका. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, गोदाबाई लिहायला कधी शिकली? नाही शिकले. लिहिणारे आमचे मास्तर. बुऱ्हाणपुरातला सगळा राजपुरा मास्तर म्हणतो म्हणून मीही मास्तर म्हणते, नाव कशाला घ्यायचं! छत्तीस वर्षं गावच्या पोरांना बाराखडी शिकवली, घरातली बायको तेवढी शिकवायची राहून गेली. आता ते शाळेतून सुटलेत, मी खाटेवर पडलेय, आणि कापडवाल्यानं दिलेली नव्या सालाची वही कोरीच होती. म्हटलं, मास्तर, चला, हात चालवा. मी बोलेन तेच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही. आणि लिहून झालं की वही माझ्या गादीखाली.

तर परवा रविवारी नातीचं लग्न झालं. कुसुमचं. प्रभाकर माझा लेक, सुमन सून, त्यांची ही थोरली. नवरा मुलगा देडतलाईचा, लीलाधर. शेती बरी, स्वभाव बरा, कान जरा मोठे. त्याची आई गरीब गाय. घरात राज्य आजीचं, मथुराबाईचं. म्हणजे विहीण म्हणायची ती सुमनची, पण खऱ्या विहिणी आम्ही दोघी म्हाताऱ्या. साखरपुड्यात नजरेला नजर भिडली तेव्हाच आम्हाला ते समजलं होतं.

पंगतीत मी गाण्यातून तिला चांगली टोचली. रीतच आहे. विहिणीला टोचायचं नाही तर लग्न कशाला करायचं? म्हटलं, विहीणबाईंनी अकरा मावा जिलब्या खाल्ल्या, बारावी पदराला बांधली. (खाल्ल्या नऊ. गाण्यासाठी दोन वाढवल्या. पदराचंही माझंच.) सगळ्या बायका हसल्या. ती नाही हसली.

मग पाठवणीच्या आधी फुगड्या. मी शेजारच्या मालूबाईचे हात धरले. बासष्टावं चालू आहे, पण फुगडीत मला राजपुऱ्यात अजून कुणी खाली बसवलेलं नाही. हळद कुटायचं उखळ मांडवाच्या कडेला तसंच पडलेलं, त्याच्यापाशी पाट टाकून मथुराबाई बसली होती. फिरत फिरत आम्ही तिच्यापाशी आलो, माझी पाठ तिच्याकडे, आणि ताड्! मागून टाचेवर कुणी मुसळ घालावं तसं! मी बसलेच खाली. वळून बघते तर ही बाई पाय आखडून घेतेय!

मी ओरडले, "लाथ मारली! हिनं मला लाथ मारली!"

चारशे माणूस. वाजंत्री वाजायची थांबली.

"मी? मी तं बसेल हाय वो, मी कशाले मारू?" तोंड लालबुंद. उठली आणि चालती झाली मोटारीकडे. लंगडत! मार मी खाल्ला आणि लंगडणार ही! असली नाटकी बाई मी जन्मात पाहिली नाही.

कुसुम रडत गेली. सगळ्याच मुली रडत जातात. पण ही आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून रडली.

१३ फेब्रुवारी

हाड बसवणारा चुडामण आला. "मुरगळलंय काकू," म्हणाला आणि तेल लावून असा ओढला पाय, की मी त्याच्या सात पिढ्यांची नावं घेतली. चार पिढ्यांची माहीत होती, तीन बनवली.

टाचेच्या वर बोट ठेवलं तर खळगा लागतो. बोटाचं पेर मावतं. चवड्यावर उभं राहायला गेले तर पाय माझा नाहीच!

सुमन हळदीचा लेप लावते आणि रडते. "सासूबाई, त्या बाईचे पाय झडोत," म्हणते. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

१५ फेब्रुवारी, खंडवा

प्रभाकरनं ऐकलं नाही. खुर्चीवर बसवून स्टेशनात आणलं, पॅसेंजरमध्ये दोन माणसांची जागा एका पायाला दिली. इथला डॉक्टर काटकुळा, पोरसवदा. मराठी समजतं, बोलत नाही. मला हिंदी समजतं, मी बोलत नाही. आमचं छान जमलं.

खळग्यात बोट घातलं, पोटरी दाबली, म्हणाला, "माँजी, एड़ी की नस टूट गई है। पूरी।"

मी म्हटलं, तुटणारच. लाथ मारली ना विहिणीनं.

तो हसला! म्हणाला, "किसी ने नहीं मारी।" ही जी टाचेमागची जाड दोरी असते ना, ती वयानं जीर्ण होते. विहिरीचा दोर रोज रहाटावर फिरतो, रोज चालतो, आणि एक दिवस कारण नसताना तुटतो. तशी. आणि तुटते तेव्हा माणसाला वाटतं मागून कुणी मारलं. एक पैलवान आला होता, तो म्हणे मागून धोंडा मारला. एका हवालदारानं तर आपल्याच शिपायाला थोबाडलं होतं. "सब को यही लगता है, माँजी।"

खोलीत आम्ही तिघंच. डॉक्टर, मी आणि मास्तर. प्रभाकर औषधं आणायला गेलेला. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खिशात पेरू सापडलेल्या पोराकडे पाहायचे, अगदी तसं.

मी छताकडे बघत होते. चांगलं उंच छत आहे.

मास्तर, हे लिहायचं नव्हतं! लिहिलंत? बरं. असू द्या. गादीखालीच आहे वही.

१६ फेब्रुवारी, खंडवा

झालं ऑपरेशन. पालथी पाडली मला, तोंड खाली, टाच वर. पाठीच्या कण्यात सुई टोचली आणि थोड्या वेळानं कमरेखाली मी उरलेच नाही. हाक मारली तरी पाय ओ देईना. जागी होते, म्हणून बोलत होते. नर्स म्हणाली, चूप रहो माँजी. मी म्हटलं, बाई, वरचा अर्धा भाग शाबूत आहे, तो बोलणारच.

टाचेवर वीतभर कापलं. दोरीची दोन्ही टोकं झाडूच्या काड्यांसारखी पिंजलेली होती म्हणे. ती ओढून एकमेकांना शिवली, रेशमाच्या धाग्यानं. मी विचारलं, मी बुऱ्हाणपूरची आहे, जरीची तार नाही का लावत? डॉक्टरचा हात थांबला. हसत होता. म्हटलं, हस बाबा, पण आधी गाठ मार.

आता मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. चवडा खाली ताणून ठेवलाय. एक पाय म्हातारीचा आणि एक पाय नाचणारीचा.

१७ फेब्रुवारी

दुखतंय. आज विनोद नाही.

२० फेब्रुवारी, खंडवा

खिडकीबाहेर दिवसभर निवडणुकीचे भोंगे. मास्तर पेपर वाचून दाखवतात. नागपूर तोडून मुंबईला दिलं, इकडे इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, रीवा सगळं जोडलं, आणि आपण नव्या राज्यात. मी म्हटलं, आपण हललो कुठं? आहोत तिथंच आहोत. डॉक्टरनं केलं तेच सरकारनं केलं, इकडून तोडलं, तिकडचं ओढून शिवलं, वर प्लास्टर. टाके धरले की नाही ते उभं राहिल्यावर कळेल.

मास्तर हसले. चार दिवसांनी हसले. रुसलेत माझ्यावर. म्हणतात, देडतलाईला कळवून टाक. मी म्हटलं, कळवते ना. पाय धड होऊ द्या. लंगड्या पायानं माफी मागितली तर लोक म्हणतील कीव यावी म्हणून मागितली.

मास्तर म्हणाले, "सबब चांगली आहे." मी म्हटलं, शिकवलीत तुम्हीच, छत्तीस वर्षं पोरांच्या सबबी घरी येऊन सांगत होतात.

३ मार्च

टाके निघाले. घरी आले. प्लास्टर तेच.

दिवसभर बायका. पाय बघायला येतात आणि लाथ ऐकायला. आता मी सांगत नाही, त्याच मला सांगतात. लाथ वाढत चाललीये! मालूबाईच्या तोंडी दोन्ही पायांची झाली. ही तर माझ्यासमोर होती, हिला सगळं दिसलं म्हणे. पलीकडच्या शनवारा पेठेपर्यंत जाऊन आली तेव्हा लाथेत जोडवी आली. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. "हूं" म्हणते. हूं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

संध्याकाळी सुमन पाठ पुसून देत होती. पुन्हा तेच, त्या बाईचे पाय झडोत. माझ्या तोंडून निघालं, "असं बोलू नये गं कुणाला."

सुमन म्हणाली, "किती मोठं मन आहे सासूबाई तुमचं."

मास्तर दारात उभे होते. खोकले.

६ मार्च

प्रभाकर कुसुमला आणायला देडतलाईला गेला होता. लग्नानंतरचं पहिलं माहेरपण, पाचव्या दिवशीच व्हायचं, पण मी खंडव्याला, म्हणून राहिलं. आज गेला, आणि एकटाच परत आला.

कुसुमनं गाठोडं बांधलेलं होतं. मथुराबाईनं सोडायला लावलं. प्रभाकरला समोर बसवून म्हणाली, "चारशे माणसात माह्यावर आळ घेतला. ज्या घरात मी लाथ मारनारी, त्या घरात माही नातसून कशी धाडू? आधी लाथेचा निकाल लावा."

प्रभाकर म्हणाला, "आई, मी भांडलो असतो, पण म्हातारी खरंच दुखावलेली दिसली. आणि तीही लंगडतेय गं. अंगठ्याला चिंधी बांधलेली."

मी म्हटलं, शेतात काटा मोडला असेल.

सुमन जेवली नाही. मी जेवले, पण चव नव्हती.

१० मार्च

सकाळपासून एकच विचार. प्लास्टर आहे तोवर देडतलाईला जाता येत नाही. म्हणजे प्लास्टर आहे तोवर बरं आहे. बासष्ट वर्षांत आजार असा उपयोगी कधी पडला नव्हता.

१६ मार्च

धुळवड. कुणीतरी प्लास्टरवर गुलालाचा पंजा उमटवला. बघते तर मास्तर! ह्या वयात!

१८ मार्च, खंडवा

मोठं प्लास्टर कापलं. आतून जो पाय निघाला तो मी ओळखला नाही. कोंबडीचा. सालं निघालेली. डॉक्टरनं चवडा थोडा वर उचलला आणि मला देव आठवले, तेहतीस कोटी. नवं प्लास्टर गुडघ्याखाली. गुडघा मोकळा झाला, त्याला वाकायचं कसं ते आठवेना.

डॉक्टरला विचारलं, फुगडी कधी? म्हणाला, "माँजी, वो अब भूल जाइए।" मी म्हटलं, जन्मात? म्हणाला, या जन्मात.

पुढचा फार लांब नाही, असं म्हणणार होते. मास्तर शेजारी होते, म्हणून नाही म्हटलं.

२७ मार्च

आठ दिवस वही बंद. मास्तरांनी संप केला होता!

झालं असं. मी म्हटलं, मथुराबाईंना पत्र लिहा. "झालं गेलं विसरून जावं, लग्नघरात असं होतंच, पोरीला धाडावं." मास्तर म्हणाले, "काय झालं आणि काय गेलं, ते आधी लिहू." मी म्हटलं, ते कशाला उकरायचं? त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "खोट्यावर मी बरोबरची खूण करत नाही," म्हणाले. बायकोला पण नापास करतील, असे!

मग मलाच विचार आला. मथुराबाई माझ्यासारखीच, अक्षर ओळखत नाही. पत्र गेलं की आधी टपालवाला वाचणार, मग लीलाधर, मग ती ऐकणार. तीन तोंडांतून माफी गेली तर शेवटी तिच्या हातात काय पडणार? ओरडले तोंडानं, तर फिटायचं पण तोंडानंच.

एवढं म्हटलं तेव्हा मास्तरांनी टोपण काढलं.

३ एप्रिल

बाजारात नवे पैसे आलेत. मालूबाई हिशेब चुकली आणि नव्या राज्याला शिव्या देत बसली. मी ऐकत नव्हते. कुसुमचं पत्र आलंय. प्रभाकरनं वाचलं, पण मधला एक भाग गाळला. मला वाचता येत नाही, पण वाचणाऱ्याचं तोंड मला वाचता येतं. तो बाहेर गेल्यावर मास्तरांकडून वाचून घेतलं.

"आजी, मी बरी आहे. इथं सगळे चांगले आहेत. पण पाण्याला गेले की बायका म्हणतात, लाथवालीची नात आली, बाजूला व्हा, आळ घेईल. मी हसते. आखाजी जवळ आली. आळीतल्या सगळ्या सुनांना माहेरून न्यायला येणार आहेत. मी काय सांगू?"

अंगणातल्या निंबाला दरवर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, झोका बांधतो. कुसुम चार वर्षांची होती तेव्हापासून पहिला झोका मी देते. तिच्या हिश्श्याला लाथवाली आजी आली.

मी हसते, लिहिलंय तिनं. हे असं हसायचं माझ्याकडूनच शिकलीये.

१३ एप्रिल, खंडवा

निघालं प्लास्टर! वीतभर व्रण, वर गाठीगाठी, जसा कुणी घाईत गोधडीला टाका घातलाय. डॉक्टर बोटानं दाबत गेला, म्हणाला, "जुड़ गई, माँजी। अच्छी जुड़ी है।" पायाला हात लावून नमस्कार करायला वाकले मी त्याला, तर ओरडला. पाय वाकवायचा नाही अजून!

टाचेखाली चामड्याच्या चार चकत्या घालायच्या, दर आठवड्याला एक काढायची. म्हणजे मला आता बूट. आयुष्यात पहिल्यांदा. राजपुऱ्याला सहा महिने पुरेल एवढी करमणूक.

परतीच्या गाडीत कळलं, आता सबब संपली.

१४ एप्रिल

सुमनला सांगितलं.

ती वाटीत कोमट तेल घेऊन बसली होती, पोटरी चोळायला. मी म्हटलं, सुमन, लाथ नव्हती. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी दोन महिने दाबून ठेवलं.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेलाची वाटी उचलली आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही, काहीच नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसांशी वागायची सवय आहे, माझ्यामुळेच.

तासाभरानं आली. वाटी पुन्हा गरम करून आणली होती. बसली, पोटरी चोळायला लागली. जरा जोरात चोळली. मी हूं की चूं केलं नाही.

जाताना म्हणाली, "आखाजीच्या आधी जायचं. मी येईन बरोबर."

२१ एप्रिल

खाटेपासून दारापर्यंत नऊ पावलं. दारापासून निंबापर्यंत सव्वीस. मास्तर मोजतात, मोठ्यानं, पाढे म्हणून घेतल्यासारखे. सोळाव्या पावलाला मी काठी टेकवून थांबले तर म्हणतात, "पुढे?" मी म्हटलं, पुढे तुमचं डोकं!

बूट घालून जाताना मालूबाईनं पाहिलं. "गोदाबाई, कलेक्टर झालात का?" म्हटलं, हो, तुझ्या घरावर जप्ती आणतेय.

एक चकती काढली. जमीन थोडी जवळ आली.

२४ एप्रिल

आज काठी न टेकता अकरा पावलं! कुणी पाहिलं नाही. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, साक्षीदार हवा. मी म्हटलं, हो का? लाथेला चारशे साक्षीदार होते, काय उपयोग झाला?

२८ एप्रिल

जाऊन आले. सगळं लिहा, मास्तर, आज कंटाळायचं नाही.

सकाळच्या मोटारीनं निघालो, सुमन, प्रभाकर आणि मी. पाय आडवा ठेवायला ड्रायव्हरशेजारची जागा दिली. मास्तरांना नेलं नाही. म्हटलं, तुम्ही तिथं चष्म्यावरून बघाल आणि मी पाठ केलेलं विसरेन.

पाठ केलं होतं. चार वाक्यं. रस्ताभर मनात घोळवली. देडतलाईला उतरले तेव्हा एकही आठवेना.

मथुराबाईच्या अंगणात बिबड्या, ज्वारीचे पापड, घालणं चाललं होतं. आळीतल्या दहा-बारा बायका, खाटांवर धोतरं पसरलेली, ज्वारीचं शिजवलेलं पीठ, हात पिठानं माखलेले. म्हणजे जिला जिला ऐकायला हवं, ती प्रत्येक तिथं हजर! मी दारातून आत आले, बूट, काठी, सगळी कलेक्टरीण. एक सून हातात बिबडी घेऊन तशीच उभी. कुसुम चुलीपाशी होती. धावत आली आणि अर्ध्यात थांबली. मथुराबाईकडे बघायला लागली, येऊ का म्हणून.

ते बघितलं आणि पायातलं दुखणं कुठल्या कुठे गेलं. त्याहून वरचं काहीतरी दुखलं.

मी म्हटलं, "मथुराबाई, लाथ नव्हती. माझी शीर जुनी झाली होती, तिची तीच तुटली. मी चारशे माणसांत तुमच्यावर खोटा आळ घेतला. डॉक्टरनं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं, मी अडीच महिने गिळून बसले. ते जास्त वाईट. माझं चुकलं. आणि जिलब्या नऊच होत्या."

शेवटचं पाठ केलेलं नव्हतं. आपोआप आलं.

बायका फिसकन हसल्या. ती म्हातारी मात्र नाही. पिठाचे हात तसेच, माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या पायाकडे. म्हटलं, आता ऐकवते. मी तयार होते. चांगल्या कमावलेल्या शिव्या मिळाल्या तर घेऊन जायच्या, असं ठरवूनच गेले होते.

ती म्हणाली, "दाखवा."

बूट काढला. ती खाली बसली, व्रणावर बोट फिरवलं. पीठ लागलं माझ्या टाचेला. "लय दुखलं का वो?"

मी म्हटलं, दुखलं.

"मले वाटलं तुमी सोंग करता." एवढं बोलली, आणि पुढं काहीतरी येत होतं, ओठापर्यंत आलं, मग गिळलं. उठली, आतून पाट आणला, स्वतः मांडला, पाणी दिलं. ती वाकली तेव्हा तिचा पाय दिसला. उजव्या अंगठ्याला नखच नाही, नुसता काळा खुंट.

"हे काय झालं?"

"दगड लागला," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मग कुसुमला ओरडली, "उभी काय ऱ्हायली! गाठोडं बांध! आखाजीले माहेरी नाई जायाचं का?"

कुसुम मला येऊन बिलगली, मी पडता पडता वाचले. सुमन भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. आणि मथुराबाई, दुपारच्या उन्हात, लंगडत, मोटारीपर्यंत पोचवायला आली! हातात बिबड्यांची चळत. दोघी लंगड्या शेजारी शेजारी. वाटेतली पोरं मागं लागली.

एवढी मऊ का झाली ही बाई? मला समजेना. मीच तिच्या जागी असते तर निदान वर्षभर पुरवून पुरवून ऐकवलं असतं. मोटार सुटताना कुसुमला खिडकीतून जवळ ओढून कानात काहीतरी पुटपुटली. मी विचारलं तर कुसुम म्हणाली, "आत्ता नाही सांगायचं, आजी. शपथ घातलीये."

मास्तर, बास. हात दुखला असेल. बिबडी भाजून आणा एक, मलाही.

१ मे

निंबाला झोका बांधला. दोर मी निवडला, नवा. जुन्या दोरांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

२ मे, आखाजी

पहिला झोका मीच दिला, काठी निंबाला टेकवून. कुसुम वर जाऊन खाली आली, दोर धरून थांबली, आणि म्हणाली, "आता सांगायचंय. आजेसासूबाईंचा निरोप आहे. झोका दिल्यावरच सांग म्हणाल्या, म्हणजे आजी काठी फेकून मारणार नाही."

निरोप असा: "गोदाबाईले सांगजो, लाथ मारली होती. बारावी जिलबी पदराले बांधली म्हने, मंग माह्यानं ऱ्हावलं नाई. चांगली ताकद लावून मारली. पन तुमी गरकन फिरल्या आन् माहा पाय उखळाले लागला. नख अजून आलं नाई."

मास्तर, हसता काय! लिहा. आणि देडतलाईची पहिली मोटार किती वाजता सुटते, ते विचारून या.